लाल पट्टीतले दिवस

माझ्या नवऱ्याला त्याची बहीण 'अठराभाऊ' म्हणते. आमच्याकडे फ्रिज आला तो अठरा तारखेला, वॉशिंग मशीन आलं तेही अठराला. एकदा याचे बूट नऊ तारखेला फाटले, तर नवे घेईपर्यंत हा पठ्ठ्या चपला घालून कामावर गेला. बस डेपोत टाइमकीपर आहे तो. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती मिनिटं उशिरा परतली, हे दिवसभर लिहायचं. असा माणूस तारखांना चिकटला तर नवल नाही. पण सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून मी मोकळी होणार नाही, कारण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रंगीत पट्ट्या मी चिकटवते.

मी रंगाच्या दुकानात शेड जुळवते. लोक जुन्या भिंतीचा पोपडा घेऊन येतात आणि म्हणतात, हाच रंग हवा. मशीन जवळपासचा रंग काढून देतं, पण भिंतीवर जुना आणि नवा शेजारी लागले की फरक ओरडून सांगतो. तो फरक डोळ्याने ओळखून, थेंब थेंब रंग घालून मोडायचा, हे माझं काम. बावीस वर्षं करतेय. तर दुकानातल्या जुन्या शेड कार्डांच्या मी पट्ट्या कापते आणि दर महिन्याला कॅलेंडरवर लावते. सहा ते सतरा लाल, अठरापासून पुढे हिरव्या.

त्याचं कारण साधं आहे. आमच्या क्रेडिट कार्डाचं बिल सतरा तारखेला बंद होतं आणि त्याचे पैसे पुढच्या पाच तारखेला भरायचे असतात. सतराला घेतलेली वस्तू अठरा-एकोणीस दिवसांत गळ्याशी येते. तीच अठराला घेतली तर ती पुढच्या बिलात जाते आणि आणखी एक महिना मिळतो, तोही बिनव्याजी. म्हणून लाल पट्टीत मोठी खरेदी बंद. हसणारे हसोत.

आम्ही मात्र आधी रडून झालो होतो. लग्नानंतर पहिलं कार्ड घेतलं तेव्हा बिलावर दोन आकडे यायचे, एक मोठा आणि एक लहान. लहान आकड्यापुढे लिहिलेलं असायचं, किमान देय रक्कम. आम्हाला वाटलं, बँक चांगली आहे, एवढंच मागतेय. दोन वर्षं आम्ही तेवढंच भरत राहिलो, इमानेइतबारे, एक दिवसही न चुकता, आणि मूळ आकडा फुगत दीडपट झाला. मग वसुलीवाल्यांचे फोन डेपोत जायला लागले. नवरा चारचौघांत मान खाली घालून बोलायचा. ते फेडता फेडता चार वर्षं नाकी नऊ आले. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी ते कार्ड दुकानातल्या मोठ्या कात्रीने कापलं आणि दोघांनी कानाला खडा लावला.

दुसरं कार्ड घेतलं ते तीन वर्षांनी, घासाघीस करून निवडून. वर्षाची फी नको, पगार एक तारखेला म्हणून भरणा पाचला, आणि ऑफरच्या नावाखाली काही गळ्यात मारणारं नको. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला नवऱ्याने पाच नियम लिहिले. बिल पूर्ण भरायचं. कार्डावर रोख काढायची नाही. फोनवर आलेला नंबर कोणाला सांगायचा नाही. लाल पट्टीत मोठं काही घ्यायचं नाही. हप्ते नाहीत म्हणजे नाहीत. नऊ वर्षं आम्ही एका पैशाचं व्याज भरलं नव्हतं. नऊ वर्षं! त्याचा आम्हाला माज होता, हे आता कबूल करते.

त्या मंगळवारी पंधरा तारीख होती. दोन दिवस उजव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी लकाकत होतं, ट्यूबलाइट लागायच्या आधी फडफडते तसं. मी दुर्लक्ष केलं. मंगळवारी दुकानात एका बाईंची फिकट पिस्ता शेड जुळवत होते. डावा डोळा मिटून बघायची माझी सवय आहे. बघितलं तर उजव्या डोळ्यात, खाली, नाकाच्या बाजूला, काळपट डाग. डोळा चोळला, तरी डाग हलेना. भिंतीला खालून ओल चढते ना, तसा कोपरा ओला झाला होता. ओल एकदा लागली की चढतेच, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

नवरा डेपोतून सुट्टी टाकून आला आणि आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. थेंब घातले, दिवे मारले, वर बघा, खाली बघा. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुटतोय, ऑपरेशन करावं लागेल. मग डोळ्याचा फोटो काढायला मला शेजारच्या खोलीत नेलं. मध्ये पातळ प्लायवूडचं पार्टिशन. मी हनुवटी मशीनवर टेकवून बसले होते आणि पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आज दाखल करा," डॉक्टर सांगत होते. "उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन त्यांचं घेतो. पडद्याचा मधला भाग अजून जागेवर आहे. तो सुटायच्या आत पडदा बसवला तर नजर राहते. तो सुटला तर मी काही शब्द देणार नाही."

"शुक्रवारी केलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"शुक्रवारी कशाला?"

"पैशांची जुळवाजुळव करायची आहे."

"कार्ड चालतं इथे."

नवऱ्याने खुर्ची सरकवली. मग म्हणाला, "कार्ड आहे. पण शुक्रवारी."

"तुमची मर्जी. मी माझं काम सांगितलंय."

शुक्रवारी अठरा तारीख होती.

मी बाहेर आले तेव्हा डॉक्टर मला एवढंच म्हणाले, उजव्या कुशीवर पडून राहा, वाकू नका, बाकी सगळं यांना सांगितलंय. टॅक्सीत बसल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?"

"शुक्रवारी करू म्हणाले." तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"घाई नाही ना?"

"घाई असती तर तसं बोलले असते ना ते."

आयुष्यात मला न फसवलेला माणूस, आणि पहिल्यांदा फसवलं ते माझ्या डोळ्याबद्दल! संतापाने माझे कान तापले. पण मी ब्र काढला नाही. म्हटलं, बघू याला रात्रीपर्यंत तरी लाज वाटते का. स्वतःहून सांगेल तर सांगेल. हट्ट हा माझा जुना रोग आहे.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी टॅक्सीत स्वतःलाही नीट कबूल केली नाही. गप्प बसल्या बसल्या मीही हिशोब करत होते. ऑपरेशनचे एक लाख चाळीस हजार. बँकेत साठ. उरलेल्या ऐंशीसाठी एक ठेव होती, मुदतीआधी न मोडता येणारी, ती सुटणार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला. आज कार्ड घासलं तर पाच तारखेला बिल पूर्ण भरता येणार नाही. शुक्रवारी घासलं तर ठेव आरामात हाताशी येईल. फक्त तीन दिवस.

घरी आल्यावर बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पडले. तिथून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दिसतं. डाव्या डोळ्याने ते दिसत होतं, लाल पट्टी आणि तिच्या टोकाला सतरा. मी नवऱ्याला माझ्या पिशवीतलं शेड कार्ड द्यायला सांगितलं. सहा रांगा, रांगेत बारा चौकोन, एकूण बहात्तर. डावा डोळा मिटायचा, हात लांब करून मधल्या एका चौकोनावर नजर रोखायची आणि आजूबाजूचे किती दिसतात ते मोजायचं. मंगळवारी संध्याकाळी एकसष्ट दिसले.

"किती?" नवऱ्याने विचारलं.

"बरेच दिसतात," मी म्हणाले.

तो चहा घेऊन आला. बशी माझ्या हातात देऊन तो तिथेच उभा राहिला. आता बोलेल, मला वाटलं. तो म्हणाला, "साखर बरोबर आहे का?"

बुधवारी सकाळी अठ्ठावन्न. दुपारी बावन्न. खालच्या डाव्या कोपऱ्यातले सगळे निळे गेले, मग हिरवे जायला लागले. नवऱ्याने सुट्टी वाढवून घेतली होती आणि घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. गॅलरीत जायचा, आत यायचा, कपाटाचं दार उघडून त्या पाच नियमांसमोर उभा राहायचा. दर तासाला यायचा आणि विचारायचा, "वाढलं का गं?"

आणि मी? मी म्हणायचे, "तेवढंच आहे."

का म्हणत होते? त्याला शिक्षा म्हणून. मला खरं कळलंय हे त्याला कळू नये म्हणून. आणि मी 'वाढलं' म्हटलं असतं तर आम्हाला उठून जावं लागलं असतं म्हणूनही. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप.

दुपारी नणंदेचा फोन आला. तिने विचारलं, "वहिनी, ऑपरेशन कधी?"

"शुक्रवारी."

"अठराला ना? मला वाटलंच!" ती हसली. "अठराभाऊला सांग, डोळासुद्धा हिरव्या पट्टीत बसवला!"

मी हसले. फोन स्पीकरवर होता. नवरा ताट घासत होता, त्याच्या हातातून ते मोरीत पडलं आणि बराच वेळ वाजत राहिलं. तो उचलायला वाकलाच नाही.

संध्याकाळी तो दिवाणाच्या कडेला येऊन बसला. "ऐक ना," म्हणाला.

"काय?"

बोल, मनात म्हटलं, बोल की बाबा, एकदाचं बोल, मी लगेच चप्पल घालते. त्याने माझ्या पायावरची चादर सारखी केली. "नाही, काही नाही," म्हणाला. "खिचडी टाकू का?"

त्या वेळी चव्वेचाळीस चौकोन उरले होते. ओल मधल्या चौकोनापासून दोन बोटांवर आली होती. मला ती सरकताना दिसत होती असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी कार्ड उशीखाली सारलं आणि म्हणाले, "टाक."

गुरुवारी सकाळी सातला जाग आली. नवरा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, कपडे घालून, रात्रभर तसाच बसल्यासारखा. मी डावा डोळा हाताने झाकला आणि त्याच्याकडे बघितलं. कपाळ दिसलं. विस्कटलेले केस दिसले. कपाळाच्या खाली काहीच नव्हतं. करडं, पाणी भरल्यासारखं, हलणारं काहीतरी होतं फक्त.

"किती?" त्याने विचारलं.

"मला तुझं तोंड दिसत नाही," मी म्हणाले.

तो उठला, परत बसला, परत उठला. आणि मग हा बावन्न वर्षांचा माणूस माझ्या पायाशी जमिनीवर बसून ढसाढसा रडायला लागला. "त्यांनी मंगळवारीच सांगितलं होतं गं. आजच दाखल करा म्हणाले होते. मी खोटं बोललो. मला वाटलं तीन दिवसांनी काय होतंय. तू पण म्हणत होतीस, तेवढंच आहे..."

"उठ," मी म्हणाले. "टॅक्सी बोलाव."

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने आकडा सांगितला. नवऱ्याने कार्ड मशीनला लावलं. मशीन थोडा वेळ विचार करत बसलं आणि त्यावर आलं, व्यवहार नाकारला.

"लिमिट नाहीये का?" मुलीने विचारलं.

लिमिट होतं. पण एका वेळी वीस हजारांच्या वर कार्ड चालू नये असं कुलूप नवऱ्यानेच फोनमधून लावून ठेवलं होतं. कोणी कार्ड चोरलं तर म्हणून, आणि आपलाच हात सैल सुटला तर म्हणून. आता तो फोनवर ते कुलूप काढायला लागला आणि त्याला पासवर्ड आठवेना. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. कपाळावरून घाम स्क्रीनवर टपकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर बँकेने दिवसभरासाठी दार बंद केलं असतं. आमच्या मागे रांग लागली होती आणि आतून नर्स विचारत होती, पेशंट आले का.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण पहिलं कार्ड फेडलं ती तारीख," मी म्हणाले. "तीच ठेवली असशील तू."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आकडे दाबले. कुलूप निघालं.

"हप्ते करून देऊ का?" मुलीने विचारलं. "व्याज कमी पडेल तुम्हाला."

"नको," नवरा म्हणाला. सवयीने निघून गेलं ते त्याच्या तोंडून. मशीनमधून पावती बाहेर आली. तिच्यावर तारीख होती सतरा.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंगळवारी सगळं सांगितलं होतं मी यांना," ते मला म्हणाले. नवरा भिंतीकडे बघत उभा होता. मला त्याला तिथे, त्या परक्या माणसासमोर, एकटं सोडवेना. "उशीर आमच्याकडून झाला," मी म्हणाले. 'आमच्याकडून' या शब्दावर नवऱ्याने मान वर केली.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस मान खाली घालून झोपले, पडदा दाबून धरायला डोळ्यात सोडलेला हवेचा बुडबुडा हलायचा. पडदा बसला. नजर आली, पण डॉक्टरांनी शब्द दिला नव्हता तशीच आली. दाराची चौकट उजव्या डोळ्याला मध्ये पोट सुटल्यासारखी दिसते. आणि पांढरा रंग दोन डोळ्यांना दोन दिसतो. डाव्याला स्वच्छ, उजव्याला काळ्याचा एक थेंब पडल्यासारखा मळका. दुकानात मी आता एका डोळ्याने शेड जुळवते. बारीक कामं मालक दुसऱ्या पोरीकडे देतात. वाईट वाटू नये म्हणून माझ्यासमोर देत नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दोन महिन्यांनी, ठेव सुटून सगळं फेडून झाल्यावर, नवरा दोन्ही बिलं घेऊन माझ्यासमोर बसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा व्याजाच्या रकान्यात आकडा होता. दोन बिलांतलं मिळून, करासकट, त्याने पेन्सिलीने बेरीज केली होती.

"पाच हजार चारशे बारा," तो म्हणाला.

मी कागद हातात घेतला. परत बघितलं. मला वाटलं होतं हा आकडा आम्हाला गिळून टाकणारा असेल, परत डेपोत फोन, परत चार वर्षं. बाहेरच्या भिंतीच्या रंगाची वीस लिटरची बादली मी याहून महाग विकते. दिवसाला अशा चार विकते.

"हे आधी मांडून बघायचं सुचलंच नाही मला," तो म्हणाला. "व्याज लागेल एवढंच डोक्यात होतं. किती लागेल, हे मोजलंच नाही."

"मीही नाही मोजलं."

"तुला कुठे माहीत होतं!"

दोन महिने मी हेच सांगायचं टाळत होते. "मला माहीत होतं," मी म्हणाले. "पार्टिशनच्या पलीकडून सगळं ऐकलं होतं मी. आज दाखल करा, हेसुद्धा."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी हळू विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." इथे थांबता आलं असतं. थांबले असते तर सगळा दोष आयुष्यभर त्याच्याच पदरात राहिला असता, आणि त्याने तो मुकाट्याने घेतला असता. "आणि मलाही अठरा तारीख हवी होती," मी म्हणाले.

त्याने दोन्ही बिलांची घडी घातली. मग तो उठला, पेन घेऊन आला आणि माझ्या हातात दिलं. मी कपाटाचं दार उघडलं. पाच नियमांच्या खाली जागा होती. तिथे सहावा लिहिला, की दुखण्याला लाल पट्टी नाही, आणि व्याज किती लागेल ते आधी मोजायचं.

तो मागे उभा राहून वाचत होता. "सरळ आलंय," म्हणाला. "ओळ एकदम सरळ आलीय."

मी डावा डोळा मिटून बघितलं. मला ती वाकडीच दिसली.